मागच्या डाव्या काचेचा वारा

मोटारीत वारा कुठून वाजतो हे शोधायचं असेल तर पहिल्यांदा स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडावा लागतो. आवाज येतो कानाशी, आणि भोक असतं भलतीकडेच. पुढच्या चौकटीतून शिरलेला वारा छताच्या कापडामागून धावत जातो आणि मागे बसलेल्या माणसाच्या मानेशी शीळ घालतो. तो बिचारा मागच्या दरवाजाकडे बोट दाखवतो आणि मिस्त्री तोच दरवाजा खोलून बसतो. हे मी मुंबईत माझगावला शिकलो. तिथल्या एका कारखान्यात मोटारींच्या सांगाड्यावर बॉडी चढवायचं काम चाले आणि बंद गाड्यांचे दरवाजे बसवायला मला देत.

पुढे रत्नागिरीला परत येऊन मी माळनाक्यावर स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि मागे आंब्याचं झाड. काम सगळं सर्व्हिसच्या, म्हणजे उतारू नेणाऱ्या, लॉऱ्यांचं. लॉरीला ताडपत्रीचे पडदे, त्यातून वारा, धूळ, पाऊस सगळंच आत. तिथे वारा वाजतो म्हणून कोण तक्रार करणार? माझं ते कसब असंच गंजत पडलं होतं.

म्हणून तेहेतीस सालच्या उन्हाळ्यात महिपतराव सुर्व्यांची नवी गाडी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला खरोखर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नवी म्हणजे त्यांना नवी. मुंबईहून कुणा गृहस्थाची वापरलेली घेतली होती. काळी, चार दारांची, चारी बाजूंनी काचा असलेली बंद गाडी. महिपतराव कौलांचे व्यापारी. मंगळुरी कौलं गलबतांनी मांडवीच्या बंदरात यायची आणि ह्यांच्या वखारीतून जिल्हाभर जायची. गाडी त्यांनी हौसेसाठी घेतली नव्हती. त्यांच्या आईला, यमुनाबाईंना, जुना दमा होता. यमुनाबाईंची धाकटी लेक कमळा हातखंब्याला दिलेली, दिवस भरत आलेले, आणि हातखंब्याचा रस्ता म्हणजे नुसती तांबडी धूळ. उघड्या मोटारीतून म्हातारी तिथवर जिवंत पोचली नसती.

"गाडी झकास आहे हो," महिपतराव म्हणाले. "फक्त मागच्या डाव्या काचेशी वारा वाजतो."

"वाजेना का. किती वेगाला वाजतो?"

ते जरा घुटमळले. "तुम्हांला हसू येईल. आई म्हणते, शेजारी कोणतरी धापा टाकतंय. ती त्या गाडीत बसायला तयार नाही. आणि कमळेचा निरोप केव्हाही येईल."

मला हसू आलं नाही. माणसं आवाजाला काय वाट्टेल ती नावं देतात. कुणाला मांजर ऐकू येतं, कुणाला सनई. मी म्हटलं, "शेट, गाडी ठेवून जा. मी काढतो शोधून."

त्याच दुपारी त्यांचा ड्रायव्हर धाकू चाकावर आणि मी मागे डाव्या बाजूला बसून निघालो. कुवारबावपर्यंत काही नाही. पुढे सडा, उघडा कातळमाळ, लागला. दोन्ही बाजूंना काळपट कातळ, मधूनच करवंदीच्या जाळ्या, सरळ रस्ता. धाकूने वेग वाढवला आणि आवाज सुरू झाला.

मी कान काचेच्या वरच्या कोपऱ्याशी नेला. बारीक फट शीळ घालते. रुंद फट फुरफुरते. काचेच्या खोबणीतलं फेल्ट, जाड लोकरी पट्टी, सैल असेल तर काच फडफडते. हा आवाज ह्यातला कोणताच नव्हता. तो यायचा, ताणला जायचा, थांबायचा, मग खालच्या सुरात परतायचा. पुन्हा यायचा. गाडी एका वेगाने पळत असली तर वाराही एकसारखा वाजायला हवा. वारा कधी परत फिरत नाही. हा फिरत होता.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. असलं कोडं माझगावातसुद्धा कधी हाती लागलं नव्हतं. मी मनाशी जुळवणी केली की सांगाडा खड्ड्यांवर पिळतोय, दरवाजा चौकटीत हलतोय, फट उघडतेय, मिटतेय. धाकूला मी ते समजावून सांगितलं. तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

"मिस्त्री, हितं खड्डं कुठं हायत?" तो म्हणाला. "हा तुकडा कालच रोलर फिरवून ग्येलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. कागदाची पट्टी दरवाजात धरायची, दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची. जिथे पट्टी ताणून धरली जाते तिथे दरवाजा घट्ट, जिथे सुळकन निघते तिथे फट. सगळ्या कडेने मी ओढत गेलो. मग सगळ्या सांध्यांवर कागद डिंकाने चिकटवून गाडी पळवली आणि दर फेरीला एकेक कागद सोलून काढत आवाज केव्हा येतो ते ऐकलं. शेवटचा कागद निघाला तेव्हा आवाज आला. काचेचा वरचा मागचा कोपरा. फेल्ट तिथे झिजून नखाएवढी जागा उघडी पडली होती.

नखाएवढी! मी धाकूला आनंदाने पाठीत धपका मारला. नवं फेल्ट बसवलं, बिजागरीखाली पत्र्याची पट्टी घालून दरवाजा आत ओढला, चौकटीला रबर लावलं. आता कागद कुठेच निघेना. फाटायचा, पण निघायचा नाही. मी महिपतरावांना निरोप धाडला की यमुनाकाकींना घेऊन या, त्यांच्याच कानांनी ऐकू द्या.

यमुनाबाई आल्या. लहानखुऱ्या, गोऱ्या, नऊवारी घट्ट खोचलेलं, कपाळ मोकळं. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करायच्या, पण डोळे असे की समोरच्याने खोटं बोलू नये. त्या मागे उजव्या बाजूला बसल्या. डावी जागा त्यांनी हाताने जरा झटकली आणि रिकामी ठेवली. महिपतराव पुढे धाकूच्या शेजारी. मी दोघांच्या मधून मान वळवून मागे कान देत होतो.

सड्यावर आलो आणि आवाज आला. पूर्वीपेक्षा पुष्कळ बारीक, पण आला.

"ऐकलंत?" यमुनाबाई म्हणाल्या.

"थोडंसं राहिलंय, काकी. एक फट कुठेतरी निसटली."

"वारा नाय तो, मिस्त्री." त्या शांतपणे म्हणाल्या. "माझा सगळा जन्म ह्याच्यात ग्येला. माझा श्वास सोडताना अडतो. तुम्ही ऐका. ह्याचा घेताना अडतोय. काल-परवा निदान येत तरी होता. तुम्ही कोंडलात."

महिपतराव ओशाळून माझ्याकडे बघत राहिले.  खरं सांगायचं तर त्यांचं निरीक्षण अचूक होतं. आवाज आत येताना चिंचोळा आणि ताणलेला, बाहेर जाताना सैल. मला ते आधी कळलं नाही ह्याची मला चुटपुट लागली आणि कामाचा हुरूप आणखीच चढला.

गाडी शेडमध्ये आणली. दुपार होती, आंब्याचं पान हलत नव्हतं. इंजिन बंद, चारी काचा वर. मी आत बसून उदबत्ती पेटवली आणि त्या कोपऱ्याशी धरली. फटीची ही शेवटची परीक्षा. पळत्या गाडीत धूर फटीकडे ओढला जातो. उभ्या गाडीत तो सरळ वर जायला हवा.

धूर सरळ वर गेला नाही. तो कोपऱ्याकडे वाकला, तिथून खेचल्यासारखा बाहेर गेला, थांबला, आणि माझ्या तोंडावर परत आला. पुन्हा वाकला. पुन्हा परत आला.

मला वाटलं, पत्रा तापलाय, आतली हवा फुगतेय. टपावर ओली पोती टाकली. धूर तसाच. मग वाटलं, माझाच श्वास. बाहेर आलो, उदबत्ती सीटच्या फटीत खोचून दरवाजा लावला आणि धाकूला घेऊन काचेतून बघत राहिलो. गाडीत कुणी नव्हतं. धुराची ती निळसर रेघ कोपऱ्याकडे वाकत होती आणि परतत होती, अगदी संथ, झोपलेल्या माणसासारखी.

धाकूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी मात्र टाळी वाजवायचा बाकी होतो. माणूस काहीतरी नवं सापडलं की किती आंधळा होतो हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

संध्याकाळी हातखंब्याहून कमळेच्या सासरचा माणूस आला. वेणा सुरू झाल्या होत्या, पोरगी आईचा धोशा लावून बसली होती. महिपतराव मला म्हणाले, "मिस्त्री, तो कोपरा ठार बंद करा. काच उघडली नाही तरी चालेल. सकाळी आई निघालीच पाहिजे. आवाज नसला की ती काही बोलणार नाही. माझं गलबत लागतंय, मला बंदर सोडता येत नाही. तुम्ही सोबत जा."

मी खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबी केली. सुतार खिडकीच्या काचा बसवताना वापरतात तीच. बाहेरच्या बाजूने ती अंगठ्याने दाबून भरली, काचेच्या सगळ्या कडेने, आणि कोपऱ्यात दुप्पट. उदबत्ती पुन्हा लावली. धूर सरळ वर गेला. मी हसलो.

सकाळी निघालो. यमुनाबाई त्यांच्या उजव्या जागेवर, डावी जागा मोकळी, मी पुढे. मुलीची काळजी होती म्हणून असेल, त्या कुरकूर न करता गाडीत बसल्या. कुवारबाव मागे पडलं. सडा आला. धाकूने वेग वाढवला.

आवाज नाही.

मी हातखंब्याच्या दिशेने बघत बसलो आणि मनात म्हटलं, आत्माराम, जिंकलास. इंजिनाची घुरघुर, टायरांखालची खडी, बाकी काही नाही. धुळीचा एक कण आत नव्हता. यमुनाबाईंचा श्वाससुद्धा साफ चालला होता.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या. "काच बघा."

मी वळलो. मागच्या डाव्या काचेवर, आतल्या बाजूने, वाफेचा एक गोल डाग होता. मुठीएवढा. चैत्राचं ऊन होतं, बाहेर कातळ तापला होता. तो डाग पुसट झाला, नाहीसा झाला, आणि तिथेच पुन्हा उमटला. मोठ्या माणसाचं तोंड जिथे यावं त्याच्या वीतभर खाली.

मी हात मागे करून काच पुसली. बोटं ओली झाली. डाग पुन्हा आला, माझ्या बोटांच्या रेघांवरच.

मग तो सरकला. काचेच्या खालच्या कडेला गेला. तिथून कडेकडेने पुढे. प्रत्येक ठिकाणी एकेकदा उमटायचा आणि पुढे जायचा. पुढचा कोपरा. वरची कड.

मला एकदम कळलं. मी कागदाची पट्टी घेऊन असाच गेलो होतो. कडेकडेने, एक बोटही न सोडता. तो फट शोधत होता.

"गाडी थांबव," यमुनाबाई म्हणाल्या.

धाकूने ब्रेक दाबला. त्यांनी स्वतःच्या बाजूची काच भराभरा खाली केली. धुळीचा लोट आत आला. डाव्या काचेला त्याचं काही नव्हतं. डाग वरच्या मागच्या कोपऱ्याशी पोचला होता, जिथे मी दुप्पट लांबी भरली होती. तिथे तो आता हलत नव्हता. उमटत होता, विरत होता. भराभर.

मी उतरून मागचा दरवाजा सताड उघडला. आता काचेच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं. पण दरवाजाबरोबर डागही बाहेर आला. भर उन्हात, उघड्या हवेत, काचेच्या आतल्या अंगाला तो उमटत राहिला.

लहान झाला. रुपयाएवढा. आणखी लहान.

"काय बघताय?" यमुनाबाईंचा आवाज फाटला. त्या सीटवरून सरकत डाव्या बाजूला आल्या होत्या, उघड्या दारातून बाहेर वाकून नखांनी लांबी ओरबाडत होत्या. "काढा ती. काढा."

मी पेचकस घेतला. काच फुटेल ही भीती होती, मग काच फुटली तरी चालेल असं झालं. कोपऱ्यात टोक खुपसलं आणि जोर दिला. लांबीचा गोळा अखंड निघून आला.

हवा आत गेली. मी ती ऐकली. लांब, खोल, घरघरत, संपता संपेना. रस्त्यावरची तांबडी धूळ त्या फटीकडे ओढली गेली, माझ्या बाहीवरची सुद्धा. मग तो श्वास बाहेर आला. मग पुन्हा आत. हळूहळू संथ झाला.

काच स्वच्छ होती.

यमुनाबाई धुळीने माखल्या होत्या, कपाळ, पापण्या, सगळं तांबडं. त्यांना खोकल्याची साधी उबळ आली नाही. त्यांनी पदराने फक्त काचेचा तो कोपरा पुसला आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

"चल रे धाकू," त्या म्हणाल्या. "हळू घे."

हातखंब्याला पोचलो तेव्हा कमळेची सुटका झाली होती. मुलगी, आणि आई सुखरूप. यमुनाबाई तशाच धुळकट अंगाने आत धावल्या. त्यांची लगबग बघून मला भरून आलं. काहीतरी मोठं वाचवल्यासारखा आनंदही होता. काय वाचवलं ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

बाहेर गाडीशी परत येऊन मी पेचकस खिशात टाकला, तेव्हा लांबीचा तो गोळा हाताला लागला. रस्त्यात मी तो नकळत खिशात कोंबला असावा. मी तो उन्हात धरला. बाहेरच्या अंगावर माझ्या अंगठ्याचे ठसे होते, एकाशेजारी एक. आतल्या अंगाला, जिथे माझं बोट पोचणं शक्यच नव्हतं, तिथे दातांची एक ओळ उमटली होती. बारीक, दाट दुधाचे दात. पुढचे दोन नव्हते. त्यांच्या जागी हिरडीचा गुळगुळीत वळसा होता.

मी तो धाकूला दाखवला नाही. यमुनाबाईंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पडले असतील. ह्या वयात पडतातच." आणि तो शेताच्या बांधाशी पुरून आल्या.

गाडीला मी पुन्हा हात लावणार नव्हतो. पण पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आत यायला लागलं, सीटचं कातडं कुजायला लागलं, आणि महिपतराव पुन्हा माझ्याकडे आले. ह्या खेपेला यमुनाबाई समोर खुर्ची टाकून बसल्या. मी कडेने पातळ लांबी लावली आणि कोपऱ्यात, त्या सांगतील तेवढी, जागा मोकळी ठेवली. पाणी थांबलं. सड्यावर तो आवाज संथपणे येत राहिला. यमुनाबाई त्याच गाडीतून नातीला बघायला जात-येत राहिल्या. मोकळ्या जागेकडे वळून त्या रस्ताभर काहीबाही बोलतात, असं धाकू सांगायचा. बाहेर काय दिसतं ते सांगतात म्हणे. आता कुवारबाव आलं, आता सडा, ते बघ बैल.

दिवाळी झाल्यावर फेल्ट बदलायला गाडी आली. कोपऱ्याजवळची जुनी लांबी मी पेचकसाने अलगद सोडवली आणि उलटी करून दिव्याखाली धरली.

दात होते. पुढचे दोन आता आले होते. रुंद, कोरे, कडेला करवतीसारखे दंतुर, नुकतेच आलेले दात असतात तसे.